भाव उतरला त्या दिवशी

रेडिओवर मंत्रीसाहेब काय बोलले ते सरहद्दीजवळच्या साकुब्वा गावातल्या निम्म्या लोकांना ऐकूच आलं नाही, कारण वीज गेली होती. ज्यांच्याकडे बॅटरीचे रेडिओ होते त्यांनी बाकीच्यांना सांगितलं, आणि सांगताना प्रत्येकाने थोडं पदरचं घातलं. तरी गाळून गाळून खाली उरलं ते एवढंच: उद्यापासून कुणीही कुठल्याही देशाच्या पैशात विकावं, डॉलर घ्या, रँड घ्या, सरहद्दीपलीकडचे मेतिकाल घ्या, आणि भाव काय लावायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

"ज्याचं त्याने?" शुवाईने शेजारणीला पुन्हा पुन्हा विचारलं.

"ज्याचं त्याने, बाई! आता काय शपथ घेऊन सांगू?"

पाठीवर फडक्यात बांधलेल्या कुंदाईसकट शुवाईने अंगणात अशी उडी मारली की पोरगी दचकून रडायला लागली. गल्लीत शुवाईला सगळे माई कुंदाई म्हणत, म्हणजे कुंदाईची आई. पण लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती बेकरीवालीही होती, आणि आज दीड वर्षाने तिला ते आठवलं होतं.

तिच्या परकराच्या नेफ्यात साठ अमेरिकन डॉलर शिवलेले होते. नवऱ्याने जोहान्सबर्गहून ट्रकवाल्याच्या हाती धाडलेले. शनिवारी दुपारी दोनची बस होती. तिकडे एका बंगल्यात धुण्याभांड्यांचं काम ठरलं होतं, राहायला मागची खोली होती. फक्त लेकरू चालणार नाही, असं मालकिणीने बजावलं होतं. कुंदाई आजोबांजवळ राहणार होती. गल्लीतल्या कितीतरी आया अशाच गेल्या होत्या, त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. पण शुवाईला रोज पहाटे जाग यायची, आणि मग ती पोरीच्या श्वासाला कान लावून पडून राहायची. अजून दोन वर्षांचीही झाली नव्हती कुंदाई. तिला ठेवून जायचं म्हणजे काळीज काढून फळीवर ठेवून जायचं.

आणि आता हे!

ती धावत परसात गेली. तिचा सासरा, म्हातारा तरुविंगा, बाकावर बसला होता, भट्टीकडे पाठ करून. ती भट्टी त्याने स्वतःच्या हाताने विटा रचून बांधलेली, पण तिच्याकडे पाठ करून बसायची त्याला आता सवयच लागली होती. कारणही तसंच होतं. कुंदाई जन्मली त्याच हिवाळ्यात भाव उतरवायची सरकारी मोहीम निघाली. तपासनीस काठीवाले घेऊन बेकरीत आले आणि म्हणाले, फळ्यावरचा भाव पूस, निम्मा लिही. "निम्म्यात पीठसुद्धा येत नाही," तरुविंगा म्हणाला. त्याला चार रात्री कोठडीत ठेवलं आणि त्याचा ब्रेड गर्दीला निम्म्या भावात वाटून टाकला. लोकांची एक दिवस चंगळ झाली. दुसऱ्या दिवसापासून साकुब्वात ब्रेडचा तुकडा दिसेना, कारण पदरमोड करून रोज ब्रेड भाजणारा वेडा अख्ख्या गावात नव्हता. तेव्हापासून माणसं चहाबरोबर उकडलेलं रताळं खात होती. रताळ्याला कुणी नावं ठेवू नयेत, पण रोज रोज चहात रताळं म्हणजे देवाचाही अंत पाहणं झालं.

"बाबा, भट्टी पेटवायची!"

"कशाने? तुझ्या डोक्यातल्या जाळाने?"

"साठ डॉलर आहेत."

"ते बसचे आहेत."

"पिठाचे आहेत. आत्तापासून."

म्हातारा वळून बघायला लागला. "माई कुंदाई, मंत्री आज हो म्हणतात आणि उद्या नाही म्हणतात. ब्रेड खपला नाही तर? ना बस, ना पीठ. नवऱ्याला काय तोंड दाखवशील? आणि मला परत आत टाकलं तर? कोठडीत बसायचं वय आहे का माझं?"

"तुम्ही आत गेलात तर मी रोज डबा आणीन. मी जोहान्सबर्गला गेले तर कोण आणणार?"

म्हातारा उठला, वाकून भट्टीच्या तोंडात डोकावला आणि ओरडला, "अगं, आत कोंबडी अंड्यांवर बसलीये!" कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत हलवलं. ती दिवसभर त्यांना शिव्या घालत फिरली.

दुसऱ्या दिवशी पीठ आलं ते ओपा आत्याच्या गाडीवरून. ओपा आत्या सरहद्दीपलीकडून माल आणायची. कालपरवापर्यंत डोक्यावर गोणी घेऊन, आडवाटेने, पोलिसांना चुकवत. आज ती भर डांबरी रस्त्याने हातगाडी ढकलत आली, तीही गात. "वीस वर्षं हा धंदा करते," ती म्हणाली, "पण सूर्य डोक्यावर असताना माल उतरवायची ही पहिलीच वेळ. लाज वाटते गं!" शुवाईने दातांनी नेफ्याची शिवण उसवली. गोणी, यीस्ट, तेल आणि लाकडं एवढं झाल्यावर साठातले अगदी थोडे उरले. तरी तिला हसू आवरत नव्हतं.

शनिवारी सकाळी पहिला घाणा बाहेर निघाला आणि वासच गल्लीत फिरून लोकांना बोलावून घेऊन आला. लोक नुसते उभे राहिले. तरुविंगाने फळ्यावर खडूने लिहिलं, एक ब्रेड एक डॉलर.

पहिली आली ती समोरची म्हातारी शाळामास्तरीण. तिने ब्लाउजमध्ये हात घातला, आणि थांबली. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. परवापर्यंत ती नोट कुणाला दिसली असती तर बाई आत गेली असती. मग तिने नोट काढली, घामाने मऊ झालेली, चौघडी घातलेली, आणि सगळ्यांदेखत हात उंच करून शुवाईला दिली.

"बघा रे!" ती म्हणाली. "उघड्यावर!"

मग काय विचारता! मोज्यांतून, टोपीतून, बायबलच्या पानांतून, कुणी कुठून कुठून नोटा काढल्या. ज्यांच्याजवळ काल रात्रीपर्यंत दमडी नव्हती असं सगळ्यांना वाटत होतं, त्यांच्याजवळही होत्या! "अरे लबाडा, माझ्याकडून मीठ उसनं नेत होतास ना?" अशी भांडणंही झाली, आणि हसत हसत मिटली. शुवाईने पहिल्या ब्रेडची कड मोडून पाठीमागे कुंदाईच्या हातात दिली. पोरीने ती जिभेला लावून पाहिली, भुवया वर नेल्या, आणि मग अशी चावायला लागली की आईच्या मानेवर चुरा पडू लागला.

निम्मा माल तासाभरात गेला. शुवाई दुसरा घाणा काढायला परसात गेली. ब्रेडने भरलेला पत्रा घेऊन पुढे आली तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि दारात चिटपाखरू नव्हतं.

रांग रस्त्यापलीकडे गेली होती, झेंगेयाच्या टेबलापुढे. हा झेंगेया परवापर्यंत बसथांब्यावर नोटा बदलून द्यायचा, पिशव्याच्या पिशव्या. रेडिओवर बातमी आली आणि त्याचा धंदा एका रात्रीत बसला. दुसरा असता तर रडला असता. हा गडी सायकल काढून सरहद्दीपार गेला आणि पोतंभर छोटे पाव घेऊन आला.

"डॉलरला सहा पाव!" तो ओरडत होता. "आमच्याकडे खा, तरुविंगा आजोबांच्या दुकानात नुसता वास घ्या! त्यांचा ब्रेड आता मंत्रीसाहेबांनाच परवडतो!"

शुवाईने फळा पाहिला. एक ब्रेड, दोन डॉलर.

"बाबा! हे कुणी लिहिलं?"

"मी," तरुविंगा म्हणाला. "अकरा वाजले ना."

त्याने ते अगदी सहज सांगितलं. चूक म्हणावी तर ती अख्ख्या देशाची होती. इतकी वर्षं सगळे दुकानदार अकराला भाव वाढवत आणि तीनला परत वाढवत; जो विसरला त्याला दुसऱ्या दिवशी पिठाची मूठही मिळत नसे. म्हाताऱ्याचा हात घड्याळाकडे बघून आपोआप चालला होता. वर आपल्याला आठवण राहिली म्हणून तो जरा खुशीतही होता.

"पुसा ते!"

"सकाळचा पैसा दुपारी शिळा होतो, हे तुला मी शिकवायचं? पैसा म्हणजे दूध आहे, पोरी."

"ते आपल्या सरकारचे पैसे नासायचे, बाबा. हे नाही नासत!"

"सगळे नासतात."

पत्र्यावरचा ब्रेड निवत चालला होता. दोनची बस मैदानात येऊन उभीही राहिली होती. कंडक्टर टपावर गाठोडी बांधताना इथून दिसत होता. पोरीचं, म्हाताऱ्याचं, नवऱ्याच्या घामाचं सगळं तिने एका भट्टीत घातलं होतं, आणि ते खडूच्या एका आकड्याने जळायला निघालं होतं. तिला म्हाताऱ्यावर ओरडावंसं वाटलं. पण ज्याने चार रात्री सोसल्या त्याच्या हातातून ती फळा पुसायचं फडकं हिसकावून घेऊ शकत नव्हती.

तेवढ्यात ओपा आत्याची गाडी खडखडत आली. "माई कुंदाई, आणखी गोणी टाकू का? कालच्यापेक्षा तीन डॉलर कमी लावते."

"कमी?" म्हातारा ताडकन उठला. "का? भिजलंय का पीठ?"

"भिजेल कशाला! काल रस्त्यावर मी एकटीच होते. आज पाहिलंत का, वीस जणी गाड्या घेऊन निघाल्यात. मी नाही उतरवला तर माझं पीठ काय मी अंगाला लावू?"

"पण हुकूम कुणाचा?"

"हुकूम? त्या वीस सटव्यांचा!"

आपोआप भाव उतरलेला तरुविंगाने पाहिला होता तो ऐन तरुणपणी. मधल्या काळात तो विसरूनच गेला होता की भावाला खाली यायचाही रस्ता असतो. तो फळ्यापाशी गेला. फडक्याने दोन पुसून एक लिहिला. मग रस्त्यापलीकडे पाहिलं.

"डॉलरला आठ!" झेंगेया ओरडला.

म्हाताऱ्याने एकाचा आकडासुद्धा पुसून टाकला. सुटी नाणी कुणाजवळच नव्हती, तेव्हा भाव खाली आणायचा तर असाच आणावा लागणार होता. त्याने ठळक लिहिलं, दोन डॉलरला तीन ब्रेड.

रस्त्यावरून असा जल्लोष उठला जणू गोल झाला होता. रांग अर्धी मोडून इकडे पळत आली. दोघी शेजारणी जागच्या जागी डॉलर डॉलर जमवून भागीदार झाल्या आणि तिसऱ्या ब्रेडचे दोन तुकडे कसे करायचे यावरून भांडू लागल्या. "डॉलरला नऊ!" झेंगेया घसा फोडून ओरडला. पोरंबाळं फळ्यापुढे येऊन उभी राहिली. भाव उतरतो म्हणजे काय, ते त्यांना जन्मात पहिल्यांदा बघायला मिळत होतं. शाळामास्तरीण मात्र रस्त्याच्या मधोमध दगडावर बसून राहिली.

"आजी, दुसरा घेत का नाही?" शुवाईने विचारलं.

"थांबते. अजून उतरेल," ती मजेत म्हणाली. "इतकी वर्षं थांबला तो मेला. आज थांबणाऱ्याचा फायदा आहे. मला जरा ती चैन करू दे."

तरुविंगा खडू हातात घेऊन हसत होता, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "ब्रेडचा भाव कमी लिहीना म्हणून मला चार रात्री आत ठेवलं होतं. तेव्हा हात तोडून दिला असता, पण लिहिलं नसतं. आज त्या चोर झेंगेयाने लिहायला लावलं, आणि मला राग येत नाहीये. का गं राग येत नाही?"

"कारण पीठही उतरलंय, बाबा. आणि उद्या वाटलं तर तुम्हाला ते पुसता येईल."

"हो," म्हातारा म्हणाला. "पुसायला फडकं माझ्या हातात आहे." आणि त्याने पहिल्यांदाच भट्टीकडे तोंड करून बाक फिरवून ठेवला.

दीड वाजता पत्रे रिकामे झाले. शुवाईने ओट्यावर नोटा मोजल्या. नफा म्हणाल तर ब्रेडच्या कडेइतका. पण साठ परत आले होते, वर थोडे होते.

बसने मोठा हॉर्न दिला. कंडक्टर घामाघूम होऊन दारात आला. "माई, चला! तुमची सीट किती वेळ धरून ठेवू? भाडं काढा."

तरुविंगा खाली बघत म्हणाला, "पैसे आलेत, माई कुंदाई. जायचं तर जा. मी अडवणार नाही."

शुवाईने नोटांची गड्डी उचलली, कंडक्टरसमोरून तशीच नेली आणि ओपा आत्याच्या हातात दिली. "उतरव गोणी. तीन डॉलर कमी म्हणालीस, सगळ्यांनी ऐकलंय."

"अहो माई, ते माझ्या सीटचे पैसे!" कंडक्टर रडकुंडीला आला. त्याने फळ्याकडे पाहिलं, रस्त्यापलीकडे झेंगेयाकडे पाहिलं, आणि त्यालाही त्या दिवसाची लागण झाली. "बरं, दहा कमी द्या. चला!"

गल्ली खो खो हसली.

"फुकट नेलंत तरी नको, दादा," शुवाई म्हणाली. पाठीवर कुंदाई ब्रेडची कड तोंडात धरून झोपून गेली होती. शुवाईने फडक्याची गाठ सैल करून परत घट्ट बांधली आणि ती गोणीचं तोंड सोडायला लागली.