उलटे खांब

पाऊस जरा थांबला तशी हुहाना टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन घराखाली सरपटत शिरली. स्वयंपाकघराची जमीन हल्ली खिडकीकडे कलत चालली होती. न्यूझीलंडमधल्या होकियांगा खाडीच्या काठावरचं हे लाकडी घर खांबांवर उभं होतं आणि ते खांब तिच्या नवऱ्यानं, पेतेरानं, स्वतः बसवले होते. पेतेरा गेला. घरात ती आणि तिचे म्हातारे सासरे एवढेच उरले. घर सरळ झालं की धाकटा दीर रेवी काइकोहे गावाहून इथं राहायला येणार, वडिलांकडे बघणार आणि ती लेकीकडे ब्रिस्बेनला जाणार, असं ठरलं होतं. ठरूनही बराच काळ लोटला होता.

कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी तिनं माती उकरली. वरून खांब खणखणीत होता. कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या पाइन लाकडाचा हिरवट रंग होता, जमिनीत पुरायच्या लाकडाचा शिक्काही होता. खाली मात्र स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. तिच्या लगेच लक्षात आलं. औषध गाभ्यापर्यंत पोचलेलं असेलच असं नाही, म्हणून करवतीनं कापलेलं टोक वर ठेवायचं आणि कारखान्यातून आलेलं टोक मातीत घालायचं. पेतेरानं घाईत उलटं केलं होतं. तेव्हा खांब धरून तीच उभी होती.

तिनं स्क्रूड्रायव्हर ओढला आणि खांब खचला. वरची तुळई कडकडत खाली आली, तिच्या पाठीवर टेकली आणि थांबली. छाती चिखलात रुतली, गाल मातीला. श्वास अर्धाच आत जात होता. फोन वर टेबलावर राहिला होता.

एवढ्यात वर सासऱ्यांचा वॉकर वाजला. एरुएरा उठले होते. एकेका पावलाबरोबर तुळई तिला आणखी दाबू लागली.

"पापा, तिथंच बसा," ती होता होईल तेवढ्या शांतपणे म्हणाली.

"कुठनं बोलतेस?"

"घराखालून. खांब बघतेय. स्वयंपाकघरात येऊ नका, जमीन खचलीय."

"आणि जेवणाचं पातेलं कुठंय? स्वयंपाकघरातच ना?"

आणखी एक पाऊल. तिच्या बरगड्या करकरल्या. ओरडलं तर म्हातारा घाबरून धावत येईल, म्हणून तिनं त्यांना लाकडाच्या गिरणीतल्या त्या आळशी मुकादमाचं विचारलं. एरुएरा दारातल्या खुर्चीत बसले आणि सांगायला लागले. ही गोष्ट ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. आज ती संपू नये म्हणून ती प्रश्नांमागून प्रश्न विचारत राहिली. मुकादम गिरणीत झोपला, पकडला गेला, काढून टाकला गेला. मग तिनं त्याच्या बायकोचं विचारलं.

ठरल्याप्रमाणे नवे खांब घेऊन रेवीचा ट्रक आला तेव्हा तिचे पाय बधिर झाले होते.

"वहिनी, हलू नको. जॅक लावतो," रेवी घराखाली वाकून म्हणाला.

"आधी पापांना बाहेर काढ."

त्यानं वडिलांना अंगणात बसवलं, तुळई जॅकवर उचलली आणि तिला घोट्यांना धरून ओढून काढलं. बराच वेळ तिला उभं राहता येईना. तोवर रेवीनं बाकीचे खांब टोचून पाहिले.

"सगळेच उलटे. हिवाळा जाईल यात," तो म्हणाला. "तोवर मी कसा येऊ?"

"येऊ नको. पापांना घेऊन जा. आजच."

रेवी खाली बघत आपल्या घरातल्या अडचणी सांगू लागला. त्याचं बोलणं मध्येच तोडून एरुएरा म्हणाले, "हुहाना जिथं, तिथं मी. पोरीला उगाच त्रास देऊ नको."

ते मायेनंच बोलले होते. त्या संध्याकाळी ट्रकमध्ये ती दोघांच्या मधोमध बसून काइकोहेला गेली.

हिवाळाभर ती आणि रेवी येऊन खांब बदलत राहिले. प्रत्येक खांबाचं कापलेलं टोक वर आहे ना, हे ती स्वतः हात फिरवून बघायची आणि त्या टोकालाही औषध लावायची. वसंतात घर ओळंब्यात उभं राहिलं. तोवर रेवीच्या बायकोला काइकोहेतच नोकरी लागली होती. आता ते दोघं इकडे राहायला येणार नाहीत, हे कुणी बोललं नाही. एरुएरा मात्र आपली पिशवी मांडीवर घेऊन सगळ्यांच्या आधी ट्रकमध्ये जाऊन बसले.

घरी पोचल्यावर हुहानानं ब्रिस्बेनला फोन लावला. तू कधी येतेस, असं लेकीनं विचारलं. हुहाना म्हणाली की खांब या वेळी नीट बसलेत, घर आता पन्नास वर्षं तरी हलायचं नाही.