मी फक्त दाखवणारा

मी बोलतोय. टीव्ही नव्हे, टीव्हीच्या खाली जो काळा, चपटा डबा ठेवलेला असतो ना, तो मी. व्हिडिओ प्लेअर. तोंडात कॅसेट घालायची आणि बटन दाबायचं, की मी चित्र दाखवतो. आजवर कितीतरी नायक-नायिकांची भाषणं माझ्यातून गेली, पण माझा स्वतःचा शब्द कोणी ऐकला नाही. आज बोलतोय तो एका पोरीसाठी.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या देशातल्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. डोळे उघडले म्हणावं तर ते जळगावच्या एका दुकानातल्या फळीवर. शेजारी माझ्यासारखेच आणखी डबे होते. दिसायला आम्ही सगळे सारखे, पण त्यांतल्या काहींच्या छातीवर एक लाल बटन होतं. ते रेकॉर्डर. ते चित्र दाखवतात आणि कोऱ्या कॅसेटवर भरूनही घेतात. मला लाल बटन नाही. माझ्या पाठीला जी भोकं आहेत त्यांतून चित्र नि आवाज फक्त बाहेर जातो, आत यायला वाटच नाही. एवढा फरक तेवढा लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ त्यातूनच झाला.

एका सकाळी दुकानात भाईदास आला. पारोळ्याकडचा माणूस, अंगात सफारी, तोंडात सुपारी. टेम्पोत टीव्ही, व्हिडिओ आणि जनरेटर घालून गावोगाव सिनेमे दाखवायचा त्याचा धंदा. धुळ्याला देवपुरात त्याची बहीण द्रौपदाबाई राहायची. तिची मुलगी संघमित्रा व्हिडिओ एडिटिंगचा क्लास करत होती, आणि भाचीला मशीन घेऊन द्यायचं असं या मामानं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं.

खरं तर पोरीला घेऊनच दुकानात यायचं ठरलं होतं. पण भाईदासला धीर कुठला! तिला चकित करायचं म्हणून गडी एकटाच आला. दुकानदारानं विचारलं, "रेकॉर्डर दाखवू का?" तर तो हसला. "व्हिडिओनं माले नको शिकाडू भाऊ. यामां मना जनम गया."

आता त्याचा धंदा कसा ते सांगतो, म्हणजे त्याचं डोकं कसं चाललं ते कळेल. खेडोपाडी फिरून कॅसेटी झिजतात, फीत तुटते. मग हे लोक तुटलेली फीत ब्लेडनं सरळ कापतात आणि बारीक चिकटपट्टी लावून सांधतात. साधं मशीन त्या सांध्यावर अडखळतं, फीत गिळून बसतं, आणि समोर बसलेलं गाव शिट्ट्या मारतं. भाईदासच्या मनात पक्कं बसलं होतं, की भाचीचं काम म्हणजेही हेच: लग्नाची फीत कापायची, नको ते फेकायचं, उरलेलं चिकटवायचं. त्यानं कोणाला विचारलं नाही, आणि कोणी त्याला सांगितलं नाही.

त्यानं पिशवीतून एक कॅसेट काढली. जागोजागी सांधलेली, पार गोधडी झालेली. एकेका मशीनच्या तोंडात ती घालून बघायला लागला. लाल बटनवाले अडखळले. माझी पाळी आली. मी सगळे सांधे सटासट ओलांडले, पडद्यावर एक रेघसुद्धा येऊ दिली नाही. फुशारकी मारत नाही, पण त्या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. भाईदासनं माझ्या पाठीवर थाप मारली. "हाईच पाहिजे! जोडवर अडकत नही!"

मग त्यानं हौसेनं बाकीचं सामान निवडलं. स्टॅबिलायझर, हेड पुसायची कॅसेट, वायरींचा जुडगा, धूळ बसू नये म्हणून रेक्झिनचं कव्हर, तेही दोन रंग बघून निळं. आणि या सगळ्याच्या बदल्यात स्वतःकडच्या दोनांपैकी जुनं मशीन दुकानदाराच्या पुढ्यात ठेवलं. त्या मशीनला लाल बटन होतं. कधी न वापरलेलं, जसंच्या तसं. मी शेजारी बसून बघत होतो. ओरडावं असं फार वाटलं, पण कॅसेट घातल्याशिवाय माझ्या तोंडून आवाज निघत नाही.

देवपुरात मी पोचलो तेव्हा घर कसं आनंदून गेलं होतं! द्रौपदाबाईंनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. "भाऊ, इतलं कसाले करं रे?" म्हणत डोळे पुसले. संघमित्राचे वडील आधारभाऊ एका शाळेत शिपाई होते. त्यांनी गल्लीतल्या दोघा-तिघांना हाक मारून आत आणलं.

संघमित्रा पुढे आली. उंच, सावळी, हसरी पोर. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं, तोंडाकडून पाहिलं, उलटं करून पाठ पाहिली, परत तोंडाकडून पाहिलं. कशावरून तरी तिचं बोट फिरत होतं. लाल बटन शोधत होती बिचारी. मला कळत होतं आणि जिथल्या तिथे विरघळून जावंसं वाटत होतं.

"मामा," तिनं हळूच विचारलं, "तुमचं जुनं मशीन कुठंय?"

"ते दी टाकं ना याना बदलामां. आते त्यानं काय काम?" मामा छाती काढून म्हणाला. "कसं शे?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचा चेहरा क्षणभर पडला, पण लगेच तिनं तो सावरला.

"छान आहे मामा," ती म्हणाली. "खूप छान आहे."

इथेच सगळं संपलं होतं असं मला आज वाटतं. तुम्ही माणसं एकमेकांचं मन मोडू नये म्हणून किती मोठमोठी ओझी उचलता! मी तुमच्या घरांत इतकी वर्षं काढली, पण हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

तिच्या क्लासचे सर बन्सीलाल. देवपुरातच त्यांचा स्टुडिओ. ते तिला म्हणाले होते, "तुझा हात चांगला आहे. माझा एक जादा प्लेअर आहे, तो घरी ने. रेकॉर्डर तेवढा तुझा आण. या लग्नसराईत तुला काम देतो." एडिटिंग म्हणजे एका मशीनवर दाखवायचं आणि हवा तेवढाच भाग दुसऱ्यावर भरून घ्यायचा; दाखवणारा त्यांच्याकडे होता, भरणारा हवा होता. मामानं आणला आणखी एक दाखवणारा. दोन दाखवणारे शेजारी ठेवून कॅसेट कशी तयार होणार? ती सरांकडे गेली, थोडे दिवस मशीन द्याल का म्हणून विचारलं. सर वाईट नव्हते, पण सराई तोंडावर होती, त्यांची मशीनं दिवसभर तापलेली. "सराई संपू दे, मग बघू," म्हणाले. तेवढ्यात दुसरा एक मुलगा स्वतःचा रेकॉर्डर घेऊन आला आणि ती जागा गेली.

घरी तिनं यातलं काही सांगितलं नाही. आईनं विचारलं की म्हणायची, "सराव चाललाय." खोटं नव्हतं ते. रोज दुपारी ती माझ्यापुढे बसायची. सरांकडून आणलेली लग्नं लावायची, थांबवायची, मागे न्यायची. "इथं तोडायला हवं होतं," असं स्वतःशीच म्हणायची. तिला नेमकं कळायचं हो! आहेर देणारी माणसं ओळीनं चालली आहेत, आणि त्यांतच एक म्हातारी नवरीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडते आहे. ही पोर बरोब्बर त्या म्हातारीशी थांबायची. असं बघणं सगळ्यांना जमत नाही. मी पुष्कळांच्या हाताखाली राहिलोय, म्हणून सांगतो.

आणि मग भाईदासच्या मुलीचं लग्न ठरलं. विशाखाचं. सासर जामनेरचं. मामानं सगळ्यांना आधीच सांगून टाकलं, "शूटिंग कोनी बी करो, कॅसेट मनी भाचीच बनाडी. तिना घर मशीन शे!"

लग्न झालं. पांढऱ्या कपड्यातली नवरा-नवरी, त्रिशरण, पंचशील, फुलांचा वर्षाव. शूटिंगवाल्यानं भरलेल्या तीन कच्च्या कॅसेटी मामानं तिच्या हातात आणून ठेवल्या. जामनेरच्या व्याह्यांना बघायची घाई होती. येत्या रविवारी बघायलाच येतो, मामा म्हणाला.

मामा गेल्यावर तिनं त्या माझ्यात घालून पाहिल्या. त्या कॅसेटींत शूटिंगवाल्यानं जेवताना कॅमेरा चालूच ठेवला होता. त्यात मंडपाचा खांब, कोणाकोणाचे पाय दिसत होते, आणि भाताच्या पातेल्याशी उभ्या असलेल्या नवरीकडच्या बाया बोलताना ऐकू येत होत्या: "कितलं खातस ह्या लोके! भात सरी गया!" ह्या लोके म्हणजे जामनेरचं वऱ्हाड, ते सांगायला नकोच.

संघमित्रा सरांकडे पुन्हा जाऊन आली. मशीन मोकळं नव्हतं. मग त्या आठवड्यात तिनं जे केलं, ते पाहून मी थक्क झालो.

रविवारी दुपारी मामा, मामी आणि गल्लीतली चार माणसं येऊन बसली. संघमित्रा टीव्हीला खेटून बसली. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. बाजूला टेपरेकॉर्डरवर सनईची कॅसेट. एका हातात ओढणीखाली माझा रिमोट, दुसरा हात टीव्हीच्या उजेडाच्या खुंटीवर. नको तो भाग आला, की ती खुंटी हळूहळू फिरवून पडदा काळा करायची, त्या अंधारात मला पळवायची, आणि हवी ती जागा आली की हळूच उजेड करायची. आई डोळे पुसते, अंधार, उजेड, आणि विशाखा हार घालते. बघणाऱ्यांना वाटावं सिनेमाच चाललाय. कॅसेट बदलताना म्हणायची, "आता दुसरा भाग." मीही जीव तोडून साथ दिली. तिनं थांब म्हटलं की थांबलो, पळ म्हटलं की पळालो. एकदाही अडखळलो नाही.

भातापाशी आल्यावर काळोख झाला. काळोख सरला तेव्हा पाठवणी चालू होती. मामी हुंदके देऊन रडली. मामानं डोळे पुसले. शेवटी म्हणाला, "वा बेटा! बठ्ठं जितंजागतं करी टाकं तू!"

त्या वेळी पोरीच्या तोंडावर जे हसू आलं, तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग मामा उठला. "चाल, दे ते कॅसेटी. तठे व्याही वाट दखी राहिनात. टेम्पो उभा शे."

"मामा, नका नेऊ," ती गडबडीनं म्हणाली. "अजून काम बाकी आहे."

"आते काय बाकी शे? झकास शे ना बठ्ठं!"

"नेऊ दे ना पोरी," आधारभाऊही म्हणाले. "किती हौसेनं म्हणतोय तो."

तिनं तोंड उघडलं. सगळे बघत होते. मामाच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. तिनं तोंड मिटलं. मामानं माझं बटन दाबलं, आणि मी तिसरी कॅसेट त्याच्या हातात दिली. देऊ नये असं वाटत असताना दिली. बटन दाबलं की द्यायचं, याच्यापलीकडे मला काही करता येत नाही.

जामनेरला काय झालं ते आठ दिवसांनी मामा आला तेव्हा कळलं. व्याह्यांनी जेवण ठेवून सगळी आळी गोळा केली होती. तिथे अंधार करायला कोणी नव्हतं; खांब दिसला, पाय दिसले, आणि मग भाताचं ते बोलणं आळीभर ऐकू गेलं. व्याही ताटावरून उठला. विशाखाच्या सासूनं तिला ऐकवायचं ते ऐकवलं.

मामा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. खाली बसला, पाणी प्यायला आणि हळू आवाजात म्हणाला, "देख बेटा, तुले जमत नही व्हतं, ते पहिलेच सांगाले पाहिजे व्हतं ना. मशीन तर मी चांगलंच आनं व्हतं."

आधारभाऊ मान खाली घालून बसले. मी तिथेच, तिच्या हाताशी होतो. आता सांगेल, मला वाटलं. बोट दाखवून म्हणेल, मामा, हे मशीन भरतच नाही.

"हो मामा," संघमित्रा म्हणाली. "चुकलं माझं. मला नाही जमत."

क्लास सुटला. आधारभाऊंनी तिला गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सच्या दुकानात लावून दिलं. मला मामा परत घेऊन गेला, "तिले काय काम आते," म्हणून. त्याच्या टेम्पोत मी गावोगाव नाचलो. सांधलेल्या कॅसेटी बिनबोभाट चालवल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे घराघरात केबल आली, धंदा बसला. आता मी मामाच्या घरी कोनाड्यात असतो. माझ्या निळ्या कव्हरवर मामी वाळवणाचे डबे ठेवते. मामा पाहुण्यांना मला दाखवून अजूनही सांगतो, की पोर हुशार, पण त्या कामात तिचं डोकं चाललं नाही.

मामाला काही सांगू नका. त्याचं मन राखायला तिनं केवढं गमावलं, ते तुम्ही मातीत घालू नका. पण कधी देवपुरात गेलात आणि झेरॉक्सच्या मशीनपाशी उभी असलेली उंच, सावळी बाई दिसली, तर तिला माझा एक निरोप द्या. म्हणावं, त्या रविवारी तू काय केलंस ते तिथे बसलेल्या कोणालाच कळलं नाही, पण मी पाहिलं. तुला येत होतं, पोरी. फार चांगलं येत होतं.