फोनला फोडलेला नारळ

मंजुळाआत्याचा नवा फोन आपोआप बंद पडतो, हे हेमांगीला कळलं तेव्हा फोन घेऊन नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस ही बाई गप्प बसली होती. दांड्याच्या कोळीवाड्यात जिची हाक या गल्लीतून त्या गल्लीत जाते, तिने नेमकं याच बाबतीत तोंडाला कुलूप लावावं, म्हणजे कमाल झाली. हेमांगीला आधी नवल वाटलं आणि मग सणकून राग आला.

"अगं, पहिल्याच दिवशी सांगायचं ना आत्या. सात दिवसांत दुकानवाला बदलून देतो."

"सांगतलं असतं तर विशालच्या कानावर गेलं असतं," आत्या म्हणाली. "त्याला तेवढंच पायजे."

विशाल हा आत्याचा एकुलता एक मुलगा. माणूस वाईट नाही, पण आईने बोरीवलीच्या बाजारातली जागा सोडून घरी बसावं, हे त्याने डोक्यात घेतलं होतं आणि ते काही केल्या निघत नव्हतं. त्याचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. आत्याचे गुडघे गेलेले. पहाटे टोपल्यांबरोबर टेम्पोत बसून दांड्याहून बोरीवली गाठायची, ती दुपार कलल्यावर परत यायची. जागा घ्यायला शेजारच्या लवूची सून तयारच होती. पण ती जागा आत्याच्या सासूची. सासूमागे अडतीस वर्षं तिने तिथे पाट मांडला होता. नवरा, काशीराम, गेला त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीही ती तिथेच जाऊन बसली होती, कारण घरात बसलं की भिंती अंगावर येतात, असं ती म्हणायची.

शेवटी मायलेकांत ठरलं होतं की होळीपर्यंत धंदा नीट चालला तर आत्या बसेल, नाहीतर जागा लवूच्या सुनेची.

आणि धंदा आता सगळा फोनवर. जुन्या चाळी पाडून टॉवर झाले, त्यांच्या कमिट्यांनी मासेवालीला गेटच्या आत घ्यायचं बंद केलं. पण आतली माणसं तीच होती ना. सकाळी सात वाजल्यापासून त्यांचे फोन यायचे. मावशी, आज काय आहे? बोंबील ताजे आहेत का? करली असेल तर मोठी ठेव. आत्या मासळी साफ करून, कापून, ज्याच्या-त्याच्या नावाने पिशव्या बांधायची आणि वॉचमनकडे ठेवून यायची. कुणाला डोकं हवं, कुणाला नको, कुणाच्या घरी माशाच्या अंड्यांच्या गाबोळीवरून भांडण होतं, सगळं तिला पाठ. लिहिता-वाचता येत नाही, पण अडतीस वर्षांत एका पिशवीचीही अदलाबदल झाली नव्हती.

जुना फोन फुगून मेला म्हणून तिने बाजारासमोरच्या दुकानातून नवा घेतला. हा नवा फोन आतल्या आत बंद व्हायचा. नुसता काळाठिक्कर पडायचा. आता फोन असाही काळाच दिसतो, तो कधी बंद पडला हे आत्याला लगेच कसं कळणार? ती आपली वाट बघत बसायची, आणि तिकडे गिऱ्हाइकांना 'स्विच ऑफ' ऐकू यायचं. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मावशी आजारी असेल, मावशीने धंदा सोडला असेल. घरपोच मासळी देणारे आता काय कमी आहेत? एकदा बर्फाच्या डब्यातून साफ केलेली सुरमई दारात आली की गेटवर उतरायला कोण जातं.

हेमांगीने त्याच दिवशी सिमकार्ड काढून आपल्या जुन्या फोनमध्ये घालून दिलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दिवसाला वीस-पंचवीस फोन यायचे, तिथे तीन आले. विशालला सगळा प्रकार कळलाच.

"आये, तू बाजूचं बटन दाबून धरतेस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, उलट समजावल्यासारखाच बोलला, त्याने आत्या जास्तच दुखावली. "फोन चांगलाय. तुला जमत नाय आता. त्यात लाज काय?"

"मी नाय दाबत."

"मग नवाकोरा फोन काय उगाच बंद पडतो?"

हेमांगी मध्ये पडली. ती आत्याच्या भावाची मुलगी, दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि अंधेरीला दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळायची. तक्रारदार माणसांशी दिवसभर हुज्जत घालणं हेच तिचं काम. "मी कंपनीकडून लिहून आणते," ती म्हणाली. "फोन मुळातच खराब होता, असं."

"आण," विशाल म्हणाला. "कंपनीने तसं लिहून दिलं तर मी पुन्हा जागेचं नाव काढणार नाय. आईशप्पथ."

झालं. एका फोनच्या दुरुस्तीचा कागद, त्यावर बाईची उभी हयात येऊन ठेपली.

दुकानदार हितेश तोंडाचा गोड होता. त्याने आत्याला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, आणि बाकी काहीच दिलं नाही. "मावशी, सात दिवसांत आल्या असत्या तर मी हसत बदलून दिला असता. आता माझ्या हातात काही नाही. कंपनीचं सेंटर अंधेरीला आहे, तिथे जा." बिलावर 'पहिल्या दिवसापासून तक्रार' एवढे तीन शब्द तरी लिही, म्हणून हेमांगीने त्याला गळ घातली. "ताई, मी बघितलं नाही ते कसं लिहू?" तो म्हणाला.

हेमांगीने दवाखान्यातून अर्धा दिवस मागून घेतला आणि आत्याला अंधेरीला नेलं. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून आली होती. लग्नाला निघाल्यासारखी. सेंटर थंडगार, काचेचं. टोकन घ्यायचं आणि बसायचं. आत्या खुर्चीच्या कडेला बसली, फोनचा खोका मांडीवर दोन्ही हातांनी धरून. शेजारची मुलगी उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. आत्याच्या ते लक्षात आलं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आंगोळ करून आलंय गो मी."

काउंटरवर प्रांजल नावाचा मुलगा होता, गळ्यात ओळखपत्र. त्याने फोन घेतला, सिमकार्डाची पट्टी बाहेर ओढली, आत टॉर्चचा उजेड पाडला आणि फोन हेमांगीसमोर धरला. आत नखाएवढा ठिपका होता, गुलाबी.

"हा पांढरा असतो," तो म्हणाला. "ओल लागली की रंग बदलतो. पाणी गेलंय आत. वॉरंटीत बसणार नाही."

हेमांगी याला तयारच होती. तिने फैरी झाडायला सुरुवात केली. ही मासळीचा धंदा करते, राहते समुद्राच्या तोंडावर, हवेतच ओल आहे. मग कोळ्यांनी फोन वापरायचेच नाहीत का? जाहिरातीत तर माणूस फोन घेऊन पावसात नाचतो. सुरुवातीला प्रांजल कंटाळला, मग ऐकू लागला, मग आत जाऊन फोन उघडून आला. साहेबांशी काहीतरी बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा जरा सैल झाला होता.

"बाहेरचाच ठिपका बदललाय. आतला पांढरा आहे," तो म्हणाला. "बोर्डवर गंज नाही. हवेतल्या ओलीने होऊ शकतं. मी कंपनीकडे केस पाठवतो, मूळचा दोष म्हणून. फक्त हे भरावं लागेल." त्याने एक कागद पुढे सरकवला. फोन पाण्यात पडलेला नाही, त्याच्यावर पाणी किंवा कसलाही द्रव सांडलेला नाही, असं ग्राहकाने लिहून द्यायचं. खाली सही, नाहीतर अंगठा.

हेमांगीला वाटलं, जिंकलो. तिने पेन उघडलंसुद्धा.

"आजी, विचारावं लागतं म्हणून विचारतो," प्रांजल हसून म्हणाला. "फोनवर कधी पाणी पडलंय? नाही म्हणा, झालं."

"पडलं नाय," आत्या म्हणाली. "मी घातलंय."

हेमांगीचा हात तिथल्या तिथे थांबला.

"नारळाचं," आत्याने शांतपणे सांगितलं. "फोन घेतला त्याच सांजेला दोनदा बंद पडला. मी बोलले, कुणाची तरी नजर लागली. सकाळी देवीपुढे ठेवला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी घातलं. आमी सगळ्याला घालतो. बोटीला घातलं, इंजिनाला घातलं. विशालचे बापूस होते तेव्हा वायरलेस घेतला, त्याला पन घातलं. कशाला काय झालं नाय."

पलीकडच्या काउंटरवरचा मुलगा खुसखुसला. प्रांजल हसला नाही, पण त्याचा चेहरा पडला. हेमांगीने आत्याचा दंड धरून तिला बाजूला नेलं.

"आत्या, वाट लावलीस. तो स्वतः सांगतोय ना, नाही म्हणा म्हणून? जा, सांग की चुकून बोललीस. जरा ओला हात लागला, बस."

"देवीच्या नावानं घातलेलं नाय घातलं बोलू?"

"हो, बोल! देवीला समजतं सगळं. विशालला नाही समजत."

आत्याने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. आपल्याला हिच्यासारखं करता आलं असतं तर बरं झालं असतं, असं काहीतरी त्या नजरेत होतं. "नाय गो बाय, होयाचं नाय माझ्याकडून," ती म्हणाली. "अंगठा कसा लावू त्याच्यावर?"

हेमांगी एकटीच काउंटरवर परत गेली. तिने विनवण्या केल्या. फोन आधी बंद पडला, नारळ नंतर फोडला, हे ती पुन्हापुन्हा सांगत राहिली. "ताई, मला पटतंय," प्रांजल म्हणाला, "पण हे दाखवणार कशावरून? आणि आता त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी खोटं लिहिलं तर माझी नोकरी जाईल." त्याने यंत्रातून कागद काढला, शिक्का मारला आणि फोनबरोबर खोक्यात घालून दिला. 'ग्राहकाच्या हातून द्रव (नारळाचं पाणी) सांडल्यामुळे बिघाड. वॉरंटी रद्द.'

परतताना रिक्षात हेमांगीला आत्याचा भयंकर राग आला होता, आणि त्या रागाची तितकीच लाज वाटत होती. कागद फाडून टाकावा, विशालला सांगावं की कंपनी लिहूनच देत नाही. अर्धी वाट सरेपर्यंत तिने हे मनात पक्कं केलं होतं.

पण दांड्याला पोचल्यावर आत्यानेच खोका विशालच्या हातात दिला. "वाच," म्हणाली.

विशालने वाचलं. एकदा मनात, मग मोठ्याने. त्याला जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही, उलट वाचता वाचता तो खाली बसला. "नारळ घातलास आये फोनवर?" त्याने विचारलं.

"पहिल्या सांजेलाच बंद पडलेला, हे लिवलंय काय त्यात?"

"नाय."

"हेमा, तू बघ. बाजूला कुठे लिवलं असंल बारीक."

हेमांगीने कागद घेतला. उलटा केला, पालटा केला. बारीक अक्षरांत खूप काही होतं, पण त्यात आत्याची ती संध्याकाळ नव्हती. "नाही लिहिलेलं आत्या," ती म्हणाली. तिला तिथे रडू फुटलं. आत्या रडली नाही. तिने लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला, आपणच त्याचं काही नुकसान केल्यासारखा, आणि भात टाकायला उठली. होळीला अजून तीन आठवडे होते, पण होळीचं नाव कुणीच काढलं नाही.

रविवारी आत्या लवूच्या सुनेला घेऊन बोरीवलीला गेली. हेमांगीही गेली, तिला राहवेना. लवूची सून निशा, पोरगी गुणी. तिने आत्याला पाटावर बसवलं आणि स्वतः खाली बसली. आत्या तिला एकेक सांगत होती. नळाला पाणी कधी येतं, बर्फवाल्याला आदल्या दिवशी सांगायचं, ऊन सरकलं की टोपली कुठे सरकवायची. निशा मान हलवत होती. मग तिने आपला फोन काढला आणि आत्याचे सगळे नंबर त्यात उतरवून घेऊ लागली. हेमांगी वाचून दाखवत होती, निशा लिहीत होती. एकेका नंबराला आत्या सांगायची: हिला सोमवारी नको. ह्यांच्याकडे म्हातारा आजारी, काटा नसलेला दे. ही उधार मागेल, दे, बुडवणारी नाय.

मध्येच फोन वाजला. जुनं गिऱ्हाईक, पंधरा दिवसांनी पहिल्यांदा. आत्याने फोन कानाला लावला, आणि हेमांगीने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता तसा तिचा चेहरा उजळला. पलीकडच्या बाईंचा आवाज हेमांगीलाही ऐकू येत होता.

"मावशी! अहो, होता कुठे? किती फोन केले. सारखा बंद. आम्ही तर घाबरलो होतो. काय झालं होतं फोनला?"

बोल, हेमांगी मनात म्हणाली. सांग, की कंपनीने खराब फोन दिला. इथे कोण शिक्का मारायला बसलंय?

"माझ्याच हातून बिघडला, बाय," आत्या म्हणाली. "मला जमत नाय आता. थांबा, निशाला देते, आता हीच बसणार." आणि तिने फोन निशाच्या हातात दिला.