हात सोडून

आकारामच्या अंगावरनं वारं गेलं तेव्हा तो कामावरच होता. कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत तो क्रेन चालवायचा. डॉक्टरांनी स्ट्रोक म्हणून सांगितलं. जीव वाचला, बोलणंही हळूहळू सुटं झालं, पण डावी बाजू भिजलेल्या पोत्यागत जड झाली. तेव्हापासून त्याचं उठणं, बसणं, न्हाणं सगळं बायकोच्या, तानाबाईच्या खांद्यावर आलं. तो तिच्या मानेत हात टाकायचा आणि ती कमरेला विळखा घालून त्याला उभा करायची. पाठीचे टाके ढिले व्हायचे, पण तिची तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर आतून बरंच वाटायचं. उभा जन्म हा माणूस पाळ्या, जत्रा आणि तालमीतले दोस्त यांतच रमलेला. आता कुठं तो तिच्या वाट्याला आला होता.

कोल्हापुरातल्या दवाखान्यात व्यायाम करून घ्यायला अनुजा नावाची डॉक्टर होती, तानाबाईच्या लेकीच्या वयाची. तोल किती परत आलाय ते बघायचं म्हणून तिनं एके दिवशी आकारामला खुर्चीत बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. तानाबाई सवयीनं पुढं झाली. अनुजानं तिला जागीच थांबवलं.

आणि आकाराम उठला. डुलला, पण उठला. मग डोळे मिटून उभा राहिला, हात पुढं लांबवला, वाकून जमिनीवरची चप्पल उचलली. ती पोरगी सांगेल ते करत होता, वर "व्हय मॅडम, व्हय मॅडम" म्हणत होता. तानाबाईच्या बोलण्याला एवढ्या वर्षांत त्यानं कधी व्हय म्हटलं नव्हतं.

आनंदानं डोळे भरून यावेत अशी ती गोष्ट. तानाबाईला मात्र वाटलं, कुणा परक्या बाईनं आपल्या घरात शिरून आपली चूल पेटवली.

निघताना अनुजानं तिला बाजूला घेतलं. "मावशी, तुमचा हात दिसला की काका सगळा भार तुमच्यावर टाकतात. डाव्या पायाला कामच उरत नाही. जवळ थांबा, पण धरू नका."

तानाबाईनं मान डोलावली आणि मनात म्हणाली, कालची पोर मला नवरा सांभाळायला शिकवती.

पुढच्या खेपेला म्हैस आजारी पडली. त्याच्या पुढच्या खेपेला रिक्षावाला आला नाही. मग तिचंच डोकं दुखलं. म्हैस धडधाकट होती आणि रिक्षा तिनंच दारातून परत पाठवली होती. मॅडमकडं कधी जायाचं, असं आकाराम विचारायचा, आणि तो शब्द तिला घासातल्या खड्यासारखा लागायचा. मग ती त्याला आणखीच घट्ट धरायची. उजवा हात चांगला असताना घास भरवायला लागली. त्याचा डावा पाय पुन्हा फरफटायला लागला. तिला ते दिसत होतं, तरी तिनं हात काढला नाही.

एका सकाळी ती धार काढून गोठ्यातून बाहेर आली, तर आकाराम काठी टेकत एकटाच अंगणात उतरलेला. अंगात धुतलेला सदरा. कुठं निघालात म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाला, कोल्हापूरला. तुला येळ न्हाय तर माझा मी जातो. एवढ्यात ओल्या फरशीवरून काठी सटकली आणि तो कलला. दुधाची किटली टाकून तानाबाई धावली.

"धरू नगंस!"

ती थबकली. त्याचा डावा पाय सरकला, बाजूला जाऊन टेकला, थरथरला आणि तिथंच ठरला. आकाराम उभा होता.

तिचं तोंड सुटलं. "तिनं सांगितलं की उठता. माझ्याम्होरं मेल्यागत पडून ऱ्हाता. ती कोण लागती तुमची?"

"कोण न्हाय, म्हणूनच की. परक्या पोरीच्या अंगावर पडायची लाज वाटती. तुझी कसली लाज?"

हा मान की अपमान, तिला कळेना. तिनं खालमानेनं सांगून टाकलं की रिक्षा आपणच परत पाठवली होती.

"ठावं हाय. खिडकीतनं बघितलं मी."

"मग बोलला का न्हाय?"

आकारामनं तिच्याकडं बघितलंही नाही. "तुझ्याबिगर उठता येत न्हवतं. कुणाच्या जिवावर भांडू?"

तानाबाई मटकन पायरीवर बसली. तो आपल्या वाट्याला आलाय असं तिनं धरलं होतं. त्याला दुसरीकडं जायला पायच नव्हते, एवढंच ते होतं.

त्याच दिवशी दोघं दवाखान्यात गेली. तोल आधीपेक्षा बिघडलाय म्हणून अनुजानं कारण विचारलं. आकाराम काहीतरी सांगायला लागला, तर तानाबाईनं त्याला थांबवलं आणि मीच आणलं नाही म्हणाली. अनुजा रागावली नाही. तिनं तानाबाईला त्याच्या मागं उभं केलं आणि त्याला जागच्या जागी गोल फिरायला सांगितलं.

तो हळूहळू वळला. अर्ध्यात आल्यावर त्याचं तोंड तिच्याकडं झालं, तोल गेल्यासारखा झाला आणि डोळे तिच्या हातांवर गेले. तानाबाईनं हात पदरात गुंडाळून घेतले. पोटात अजून जळत होतंच. तो पाय सावरून तिच्याकडं पाठ फिरवत पुढं वळत गेला, आणि ती बघत राहिली.