तीन सूत कललेलं कासव

मित्रांनो, मी पाण्यात राहणारं एक कासव आहे आणि माझं आता बरंच वय झालं आहे. कासव आपलं घर पाठीवर घेऊन फिरतं, असं तुम्ही ऐकलं असेल. मलाही तसंच वाटायचं. पण पाठीवरचं हे घर म्हणजे पेटी नव्हे. ते माझं हाड आहे. ते दुखतं, मऊही पडतं, आणि त्याच्या छपराला लागूनच आत माझी फुप्फुसं आहेत. हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा मी मरायला टेकलो होतो, तरीही मला त्याचा अचंबाच वाटला.

लहानपणी मी एका घरात काचेच्या भांड्यात होतो. तेव्हा मी नाण्याएवढा होतो. येणारे जाणारे भांड्यावर बोटं वाजवून "किती गोड" म्हणत. पुढे मी ताटलीएवढा झालो आणि मग कोणी तसं म्हणेना. ते लोक घर सोडून गेले तेव्हा त्यांनी पडद्यांच्या दांड्यासुद्धा काढून नेल्या. मला मात्र न्हाणीघरातल्या बादलीत ठेवून गेले.

त्या रिकाम्या घरात फरशी बदलायला एक म्हातारे गवंडी आले. सगळे त्यांना मिस्तरी म्हणत. माल कालवायला त्यांनी बादली उचलली, तर तळाशी मी. संध्याकाळी ते मला घमेल्यात घालून घरी घेऊन गेले.

"आज घमेल्यात काय? सिमेंट उरलं का?" त्यांच्या बायकोने दारातच विचारलं.

"भाडेकरू आहे. जुन्या घरातून काढलाय त्याला."

"फार बोलतो का?"

"अजिबात नाही."

"मग राहू दे. या घरात एक तरी गप्प बसणारं माणूस हवंच होतं."

बाईंनी मला मोठा टब दिला आणि तो खिडकीखाली ठेवला. त्यांना धाप लागायची. धूळ सोसत नसे. म्हणून खिडकीची काच कायम बंद असे. काचेतून येणारं ऊन मला पुरेसं आहे असं आम्हा तिघांनाही वाटायचं. बाई रोज कोवळा पाला आणि किसलेलं गाजर घालत आणि पाणी कोमट आहे की नाही ते हात बुडवून बघत. अशी चार वर्षं गेली. पाचव्या थंडीत बाई वारल्या.

मिस्तरी मला उपाशी ठेवत नसत. डब्यातलं सुकं खाणं ते न चुकता टाकत. पाला मात्र बंद झाला, आणि पाण्यात हात घालून कोणी बघेना. हळूहळू माझे डोळे सुजले. नीट दिसेना, म्हणून खाणं सुटलं. नाकाशी बुडबुडे येऊ लागले. मग एके दिवशी मला बुडी मारता येईना. मी उजव्या अंगावर कलून वरच तरंगत राहिलो.

मिस्तरींच्या ते लगेच लक्षात आलं. कललेली वस्तू त्यांच्या नजरेतून सुटत नाही. "टब सपाटीत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी आपली पाणसळ आणली. पाणसळ म्हणजे फरशीची सपाटी बघायची पट्टी, तिच्यात एक बुडबुडा असतो. ती टबाच्या काठावर ठेवून त्यांनी एका बाजूला फरशीचा तुकडा सरकवला. मी कललेलाच. दुसऱ्या दिवशी आणखी एक तुकडा. तरीही मी तसाच.

तिसऱ्या दिवशी त्यांची मेहुणी, म्हणजे बाईंची धाकटी बहीण, आली.

"भाऊजी, टबाखाली हे काय रचलंय?"

"टब कललाय. म्हणून ते कलतंय."

तिने वाकून पाहिलं. "जन्मभर लोकांच्या घरात पाणी ओतून उतार बघितलात ना तुम्ही? टब कसाही ठेवा, आतलं पाणी कधी कलतं का?"

मिस्तरींनी हातातला फरशीचा तुकडा खाली ठेवला.

"नाही कलत," ते म्हणाले. "म्हणजे हेच कललंय."

"आणि डोळे बघा त्याचे. उठा आता."

"ही असती तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतं तिने."

"मी आहे ना. घमेलं कुठंय?"

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी माझं कवच अंगठ्याने दाबून पाहिलं. कडेला ते दबलं. मग त्यांनी माझा आतला फोटो काढला आणि उजेडासमोर धरला. काळ्या कागदावर माझं घर आतून दिसत होतं. कमानीसारख्या फासळ्या, मधोमध कण्याची रांग, सगळं छपराशी एकजीव जोडलेलं. जन्मभर फरशा जोडणारे मिस्तरीही तोंड उघडं ठेवून बघत होते.

"उजवं फुप्फुस भरलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते जड झालं, म्हणून तिकडे कलतंय."

"पण खोकलं नाही हो एकदाही."

"कासवाला खोकता येत नाही, बाबा. साचलेलं बाहेर टाकता येत नाही. बरं, ऊन मिळतं का त्याला?"

"भरपूर. खिडकीखालीच असतं."

"खिडकी उघडी असते?"

"छे. हिला धूळ सोसत नाही."

मेहुणीने त्यांच्याकडे पाहिलं.

"काचेतून ऊब येते," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण कासवाच्या हाडाला लागतं ते ऊन काच अडवते. खिडकी उघडावी लागेल."

"वाचेल का?"

"उशीर झालाय. इंजेक्शनं चुकवू नका, पाणी कोमट ठेवा, पाला सुरू करा. बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरी खिडकीपाशी गेले. कडी गंजली होती. त्यांनी ती हलकेच ठोकून सैल केली आणि मग काचेवर हात ठेवून खूप वेळ उभे राहिले. मेहुणी स्वयंपाकघरातून आली, त्यांना बघून तशीच परत फिरली. शेवटी त्यांनी काच लोटली.

मित्रांनो, ते ऊन कसं होतं ते मला सांगता येणार नाही. मी उजेडात जन्म काढला होता, पण ऊन मला ठाऊकच नव्हतं. ते कवचावर पडलं आणि आत उतरलं. मी चारही पाय ताणले, बोटं फाकवली आणि मान जाईल तितकी वर केली.

एक दिवसाआड माझ्या पुढच्या पायात सुई टोचत. पाणी गरम करायची कांडी आली. कानामागची पेन्सिल काढून मिस्तरी रोज टबावर दोन खुणा करत, माझी डावी कड कुठे आणि उजवी कुठे. पहिल्या दिवशी फरक तीन सूत होता; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आठवडाभर तो तीनच राहिला, आणि ते कोणाशी धड बोलत नव्हते. मग अडीच झाला. मग दोन. चोविसाव्या दिवशी दोन्ही खुणा एका ओळीत आल्या. त्या दुपारी मी श्वास भरून घेतला आणि सरळ तळाला गेलो.

मित्रांनो, कासव पाळायचं असेल तर ते किती वाढतं हे आधी विचारा. पाळल्यावर त्याला सोडून जाऊ नका. त्याला उघडं ऊन द्या, पाला द्या, कोमट पाणी द्या. आणि रोज त्याच्याकडे नीट बघा, कारण आमचं दुखणं ऐकू येत नाही.

मिस्तरी अजूनही रोज सकाळी टबासमोर गुडघे टेकून पाच मिनिटं बसतात. मीही त्यांच्याकडे बघतो. अलीकडे त्यांचा डावा खांदा मला किंचित खाली वाटतो. मेहुणी रविवारी येणार आहे. तिच्या लगेच लक्षात येईल. तोवर मी पाण्याबाहेर मान काढून बघत असतो.