फादरला बांधीत ओढलं तो दिवस

अंजूनं सांगितलं तेव्हा दीपमाला तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, पोरीला जवळ घेतलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मामी, दार लावा."

दीपमाला माझी सून. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. अंजू नात, अकरा वर्षांची. आमचं जुनं गाव धरणात गेलं. नव्या गावठाणात शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पोरीला आम्ही पलीकडच्या मिशनच्या वसतिगृहात ठेवलं होतं. तिथे कुणी जात-धर्म विचारत नसे. जेवण बरं होतं. फादर इग्नस पोरींना गणित शिकवायचा आणि चुकलेल्या पोरीला शिक्षा म्हणून आपल्या खोलीत बोलवायचा. त्या खोलीत काय व्हायचं ते अंजूनं आईला सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही. ते पोरीचं आहे.

माझा मुलगा ताराचंद घरामागे जाऊन ओकला. मग आम्ही तिघं मिशनच्या मोठ्या फादरकडे गेलो. त्यानं चहा मागवला. आमच्यापैकी कुणी कपाला हात लावला नाही.

"चौकशी करू," तो म्हणाला. "थोडा वेळ द्या. तोवर बाहेर बोलू नका. उद्या पोरीचं लग्न करायचं आहे ना? नाव तिचंच खराब होईल."

ताराचंदनं मान खाली घातली. आमच्यात पोरीची अशी गोष्ट उंबऱ्याबाहेर नेत नाहीत. समोरच्याला हे चांगलं ठाऊक होतं. तो आमच्या लाजेवरच बसला होता, खुर्चीवर बसावं तसा.

दीपमालानं विचारलं, "तो अजून पोरींमध्येच हाये का?"

"ते प्रार्थनेत आहेत."

"मी काय विचारून राहिली?"

"ताई, क्षमा करायला शिका. क्षमेनं मन हलकं होतं."

दीपमाला उठली. "चला मामी. इथं आपलं काम नाही."

अंजूला घरून घेऊन आम्ही सरळ पोलिसात गेलो. एका बाई साहेबांनी अंजूला आतल्या खोलीत बसवून तिचं ऐकलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "उद्या उचलतो त्याला," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा होता, धानाची लावणी. आमच्याकडे बाया एकमेकींच्या धानाचा रोवणा आळीपाळीनं करतात. आपली पाळी सोडली तर पऱ्हे, उपटून ठेवलेली रोपं, वाळतात. आणि घरी बसली असती तर दीपमालाचं डोकं फुटलं असतं. अंजूला तिच्या बापाजवळ ठेवून आम्ही गेलो.

बायांना काही माहीत नव्हतं. चिखलात वाकून रोवता रोवता नेहमीसारखी एकमेकींची थट्टा करत होत्या.

"काहून वो धुरपता, पऱ्हे रोवते का झोपवते?"

"तुह्या तोंडाकडं पाहून ते आपोआपच आडवे होते!"

हसू उठलं. दीपमाला हसली नाही. तेवढ्यात तिच्या कमरेचा फोन वाजला. वसतिगृहातल्या मोना सिस्टर होत्या. त्या बिचाऱ्या दबक्या आवाजात बोलत होत्या, तरी मला बाजूला ऐकू आलं. "त्यांना नेत आहेत. सामान गाडीत टाकलं. मोठे फादर स्वतः सोबत आहेत. जंगलाकडच्या हॉस्टेलवर नेतात. तिथेही लहान मुलीच आहेत हो, ताई."

दीपमालानं बाई साहेबांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "निघालोच आम्ही. नजर ठेवा फक्त."

नजर ठेवा. मिशनची पांढरी गाडी आमच्या बांधीवरून जाणार होती. जिल्ह्याबाहेर गेला की तो कुणाला सापडणार? आणि सापडेपर्यंत तिथल्या पोरींचं काय?

मी बांधावर चढले. बायांना मोठ्यानं सांगितलं. आमच्या अंजूचं नाव घेऊन, त्या फादरचं नाव घेऊन सांगितलं. लाज जी काय होती ती तिथेच चिखलात गेली. मग धुरपता म्हणाली, "माही टीना पण दोन वर्षं होती तिथं." आणि ती खाली बसली.

रोवण्याच्या दिवसांत रस्त्यानं जाणाऱ्याला अडवायचं, पायाला चिखल लावायचा आणि चहापाण्याचं कबूल केल्याशिवाय सोडायचं नाही, अशी आमच्या बायांची रीत आहे. पण गाडीवाले हॉर्न वाजवून निघून जातात. म्हणून मी पऱ्ह्यांच्या पेंड्या उचलून रस्त्यावर आडव्या टाकल्या. बायांनी पाहिलं आणि त्याही टाकू लागल्या. हिरवा रस्ता झाला. गाडी शेजारच्या गावचा प्रितम चालवत होता. शेतकऱ्याचं पोर पऱ्ह्यावर चाक घालत नाही.

गाडी आली आणि थांबली. प्रितमनं काच खाली करून हसून म्हटलं, "काय वो रुखमिणी काकू, भर रस्त्यात रोवणा? सोडा, फादरले घाई हाये."

"कुठं जायची घाई हाये?"

मागून मोठा फादर ओरडला, "गाडी काढ! वरून काढ!"

"फादर, धान हाये ते," प्रितम म्हणाला.

तोवर दीपमालानं मागचं दार उघडलं होतं. इग्नस आतल्या दांड्याला धरून बसला. तिनं त्याच्या बोटांवर दगड हाणला. तो किंचाळला आणि सुटला. बायांनी त्याला पायाला धरून ओढलं. त्याचं डोकं गाडीच्या पायरीवर आपटलं, मग रस्त्यावर, मग बांधावर. त्यानं लाथ मारली ती धुरपताच्या तोंडावर बसली. तिनं रक्ताबरोबर दात थुंकला आणि दोन्ही मुठींनी त्याच्या पोटात मारत सुटली. मोठा फादर मधे आला. कुणीतरी ओंजळभर चिखल त्याच्या डोळ्यांत फेकला आणि दुसरीनं त्याला छातीवर ढकललं. तो गाडीच्या चाकाशी बसला तो बसलाच.

बांधीत इग्नस पालथा पडला. दीपमाला त्याच्या पाठीवर बसली. तिनं त्याचे केस धरले आणि तोंड चिखलात दाबलं. वर ओढलं. "माही पोरगी रडत होती का?" पुन्हा दाबलं. वर ओढलं. त्याच्या नाकातून चिखल आणि रक्त येत होतं. "सांग, रडत होती का?" तो काही बोलू शकत नव्हता. तिसऱ्यांदा दाबलं आणि तिनं वर ओढलंच नाही.

बाया थांबल्या. त्याचे हात चिखलावर आपटत होते, मासा पाण्याबाहेर आपटतो तसे. मग आपटणं कमी झालं.

मी खोटं कशाला लिहू? मलाही ते पाहून बरं वाटत होतं. तो मेला की कुठल्याच पोरीला त्याचं भय उरलं नसतं. पण माझी नजर मोठ्या फादरवर गेली. डोळे पुसून तो पाहत होता, आणि त्याच्या तोंडावर भीती नव्हती. सुटका होती. मेलेला माणूस काही सांगत नाही. कुणी ठेवलं, कुणी झाकलं, आधी कुठून आणलं, काहीच नाही. ते त्याला फुलं घालून पुरणार, दीपमाला जेलात जाणार, आणि अंजू रात्री दचकून उठली की कुणाला हाक मारणार?

"सोड," मी म्हटलं. ती सोडत नव्हती. मी तिला खांद्याला धरून ओढलं. तिनं मला कोपरानं असं ढकललं की मी चिखलात पडले. बांधावर फावडं होतं. मी ते उचललं आणि त्याचा दांडा तिच्या हातावर घातला. सारा जीव लावून घातला. हाड मोडल्याचा आवाज आला.

दीपमाला बाजूला कलंडली. मी इग्नसला कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घालून चिखल काढला. तो खोकला, ओकला, श्वास घेतला. धुरपतानं आणि मी पेंड्या बांधायच्या दोरीनं त्याचे हात मागे बांधले.

दीपमाला मोडलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. "काहून वाचवलं, मामी? तो तुमचा कोण लागते?"

"तू माही लागते," मी म्हटलं.

तिनं मोडलेला हात पदरात गुंडाळून घेतला.

लांबून पोलिसांची गाडी दिसू लागली. तशी मोठ्या फादरला वाचा फुटली. तो उठून जवळ आला, आवाज खाली घेऊन म्हणाला, "ऐका. हे जिवे मारण्याचं कलम आहे. सगळ्या अडकाल. ही बाई तर पक्की. मी सांगतो की गाडी घसरली, हे पडले. प्रितमही तेच सांगेल. तुम्ही फक्त कालची तक्रार मागे घ्या. दोन्हीकडे शांतता."

बाया माझ्याकडे पाहू लागल्या. धुरपताच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं, तरी तीही पाहू लागली. सगळ्यांच्या घरी लेकरं होती. मी दीपमालाकडे पाहिलं. हे सांगणं माझं नव्हतं.

ती एका हातावर जोर देऊन उठली. चिखलातून चालत बांधावर आली. तोवर गाडी थांबली होती. बाई साहेब उतरल्या, बांधलेल्या माणसाला पाहून जागीच थबकल्या. "हे कुणी केलं?"

मोठा फादर हात जोडून पुढे झाला. "मॅडम, गाडी घसरली..."

"गाडी नाही घसरली," दीपमाला म्हणाली. "मी मारलं. जीवच घेत होती. लिहा माह्या नावानं." मग ती त्याच्याकडे वळली. "मी माहं सांगितलं, फादर. आता तुम्ही सांगा. ह्याले कायले लपवलं आणि कुठं नेऊन राहिले होते, तुमच्या तोंडानं सांगा."

तो बाई साहेबांकडे पाहून म्हणाला, "आश्रमात. विश्रांतीसाठी."

प्रितम गाडीला टेकून उभा होता. "मले तर जंगलाकडच्या हॉस्टेलचा रस्ता सांगितला होता," तो म्हणाला. "पोरींच्या हॉस्टेलचा."

"तुम्हाला ह्याच्याबद्दलची तक्रार माहीत होती का?" बाई साहेबांनी मोठ्या फादरला विचारलं.

कुणी जागचं हललं नाही. वीस बाया, गुडघ्यापर्यंत चिखल, सगळ्या त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"माहीत होती," तो म्हणाला.

"मोठ्यानं," दीपमाला म्हणाली.