उरलेली अर्धी

माझा नवरा शिंपी आहे आणि हाताला कसब असलेला शिंपी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मनसोक्त बोलता येईल. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात. रागात असले की मीही म्हणते.

मध्यंतरी मास्तर खोकून खोकून बेजार झाले, तेव्हा सिगारेटवरून मी घर डोक्यावर घेतलं. त्यांनी तोडगा काढला. प्रत्येक सिगारेट कात्रीने मधोमध कापायची आणि अर्धीच ओढायची. कापली तीही कापडाच्या कात्रीने! त्या कात्रीने कागद कापला की धार जाते म्हणून नव्या नवरीवर खेकसणारे हेच बरं का. वर गिऱ्हाइकांना मिरवून सांगायचे, "अर्धांगीच्या शब्दाखातर अर्धी सोडली."

ओढायची ती दुकानाच्या मागच्या खोलीत. पुढे तयार कोट टांगलेले असतात. त्यांना वास लागला तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढणार नाही, म्हणून मधलं दार घट्ट लावून घ्यायचे. मागच्या खोलीला खिडकी नाही. तिथे इस्त्री, अस्तराचे गठ्ठे आणि मशीनवर बसलेली मी. संसार झाला तेवढी वर्षं मी तिथेच बसले.

गेल्या महिन्यात जिना चढताना छातीवर कुणी इस्त्री टेकवून ठेवावी तसं झालं. कळ डाव्या हातात उतरली, घामाने पोलकं भिजलं.

"पित्त असेल," मास्तर म्हणाले. "हार्टचा त्रास ओढणाऱ्याला होतो. तुला कशाला होईल?"

शेजारीण रिक्षा घेऊन आली म्हणून मी आज बोलतेय. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. ती उघडून आत स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्ही सिगारेट ओढता?"

"छे हो! हिला तर वासही सोसत नाही," मास्तर हसले.

"मग घरात कोण ओढतं?"

"मी. पण अर्धीच ओढतो हं, डॉक्टर."

माझं डोकं सणकलं. "आणि उरलेली अर्धी मी," मी पडल्यापडल्या म्हणाले. "दार लावून, फुकटात!"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. शेजारी बसून धूर घेणाऱ्याचंही हृदय बिघडतं, आणि अर्धी ओढली म्हणून ओढणाऱ्याचा धोका अर्धा होत नाही, असं त्यांनी मास्तरांना स्पष्ट सांगितलं. मास्तर मान डोलावत राहिले. मान डोलवायला काय जातं!

दवाखान्यातून घरी आल्यावर काल मी पहिल्यांदा दुकानात गेले. मास्तरांनी मायेने मधलं दार उघडलं, मशीनवरची धूळ पुसली, मला बसवलं. मग सवयीने दार लावलं आणि त्यांचा हात खिशात गेला.

मला रडू नाही आलं. संताप आला, नुसता संताप. हा माणूस वाईट नाही, याचाच जास्त आला.

"अहो मास्तर," मी उठून दार सताड उघडलं, "ओढायचीच हौस असेल तर हे मशीन ओढा. पुढे, दुकानात."

"पुढे? तिथे कोट आहेत सगळे."

"म्हणूनच."

मास्तरांनी मशीन ओढत पुढे आणलं. टांगलेल्या कोटांखाली मी खुर्ची सरकवली आणि बसले.

"आता मला गिऱ्हाइकाचा कोट समजा," मी म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला घेतला.